बार्ट्रमचं घर आणि बाग : एका दुहेरी फोटोच्या प्रकल्प नोंदी

१३ जानेवारी २०२४

आजपासून नवं कार्ड हातात घेतलंय. जुनी स्टिरिओ कार्डं (जोडीने पाहिली की खोली दिसणारे दुहेरी फोटो) स्वच्छ स्कॅन करायची, काळ ठरवायचा आणि मराठीत नीट माहिती लिहून ती सगळ्यांसाठी खुली ठेवायची, हे या प्रकल्पाचं काम. हे कार्ड फिलाडेल्फियातल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात मिळालं. एका पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी चिकटवलेले दोन जवळजवळ सारखे फोटो. मागे पेन्सिलीने फक्त ‘बार्ट्रम’ एवढंच लिहिलंय. फोटोग्राफरचं नाव नाही, साल नाही.

चित्रात दगडी घराची नदीकडची बाजू आहे. जाडजूड खांब, खिडक्यांभोवती कोरीव दगडी महिरपी, आणि त्यावर चढलेली आयव्हीची वेल. पुढे उंच गवत, झुडपं, एका बाजूला झाडाचा भक्कम बुंधा. माणूस कुठेच नाही.

घर ओळखायला अडचण नाही. असे खांब दुसरीकडे कुठे नाहीत. स्कूलकिल नदीच्या पश्चिम काठावर किंगसेसिंगला जॉन बार्ट्रमने (१६९९–१७७७) १७२८ मध्ये शेतजमीन घेतली, १७३१ पर्यंत घर उभं केलं आणि शेजारी बाग वाढवली. वनस्पतिशास्त्रज्ञाने उभी केलेली अमेरिकेतली ही सर्वांत जुनी टिकलेली बाग. आज ती शहराची आहे आणि कोणीही जाऊन पाहू शकतं.

१४ जानेवारी

६०० डीपीआयवर स्कॅन केलं, मग नुसता डावा फोटो १२०० वर. पुठ्ठ्याच्या कडा आणि मागची बाजूही घेतली. बरेच जण फक्त चित्र कापून ठेवतात, पण पुठ्ठा गेला की निम्मा पुरावा जातो.

भिंगाखाली कागदाचे तंतू दिसतात. म्हणजे हा अल्ब्युमेन कागद: अंड्यातल्या पांढऱ्या बलकाचा पातळ थर, त्यात चांदीचे क्षार. पुढच्या काळातल्या जिलेटिन कागदावर मध्ये बराइटाचा पांढरा थर असतो, त्याखाली तंतू झाकले जातात. आकाशाचा भाग पिवळट झालाय, तोही अल्ब्युमेनचा नेहमीचा आजार. अल्ब्युमेन कागद १८५० मध्ये जगापुढे आला, म्हणून हा फोटो त्याच्या आधीचा नाही.

२० जानेवारी

आज फक्त पुठ्ठ्याकडे पाहिलं.

कोपरे गोल आहेत. अमेरिकेत साधारण १८६८ पर्यंत स्टिरिओ कार्डांचे कोपरे चौकोनी कापत. चौकोनी कोपरे दुमडायचे, म्हणून पुढे ते गोल करायला लागले. रंग नारिंगी-पिवळा. आकार साडेतीन इंच बाय सात इंच. पुठ्ठा सपाट आहे. साधारण १८८० पासून बाकदार पुठ्ठ्यांची चाल पडली. मागे कराचं तिकीट नाही, तिकीट उखडल्याची खूणही नाही. यादवी युद्धाचा खर्च भागवायला सप्टेंबर १८६४ ते ऑगस्ट १८६६ या काळात अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोटोवर कर होता आणि तिकीट मागे चिकटवावं लागे.

या सगळ्यावरून कार्ड १८७० च्या दशकातलं म्हणायला हरकत नाही. पण एक गोष्ट विसरून चालणार नाही: काचेची निगेटिव्ह एकदा तयार झाली की तिच्यावरून पुढे कितीही वर्षं प्रती काढता येत. पुठ्ठा सांगतो तो छापण्याचा काळ. कॅमेरा कधी उभा राहिला ते चित्रातच शोधायला हवं.

२१ जानेवारी

कॅमेऱ्याचा काळ नेमका नाही मिळाला तरी दोन टोकं मिळतात आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटतात. १८५० मध्ये बार्ट्रम घराण्याच्या हातून ही मालमत्ता गेली. १८९१ मध्ये फिलाडेल्फिया शहराने ती घेतली. कागद, पुठ्ठा, अस्ताव्यस्त बाग, सगळं या दोन सालांच्या मधल्या पट्ट्यात बसतं. तेव्हा इथे विक्रीची रोपवाटिका उरली नव्हती आणि सार्वजनिक उद्यानही झालं नव्हतं. या मधल्या चाळीस वर्षांबद्दल माहितीपत्रकांत एखादं वाक्य सापडतं. फोटो नेमका तिथलाच आहे, म्हणून माहिती लिहिताना मी तिथेच जास्त थांबणार.

२८ जानेवारी

कोल्हापूरला मावशीला व्हिडिओ कॉल. तिने आयुष्यभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. स्कॅन आधीच पाठवून ठेवला होता. तिचा पहिला प्रश्न, “पानं का अशी काळी ठिक्कर?”

कारण वेट कलोडियन काच, म्हणजे ओल्या रसायनाचा थर दिलेली निगेटिव्ह. तिला निळा प्रकाश चटकन कळतो. हिरवा, पिवळा आणि लाल फार कमी. म्हणून आकाश कोरं पांढरं आणि आयव्ही डांबरासारखी काळी. शिवाय काच ओली असेतो सगळं उरकावं लागे: जागेवर तंबूत रसायन लावायचं, पळत जाऊन फोटो घ्यायचा, परत तंबूत शिरून धुवायचा, आणि हे सारं काही मिनिटांत. कॅमेऱ्याचं झाकण काही सेकंद उघडं ठेवावं लागे. डावीकडच्या झुडपाची टोकं पुसट झालीत, म्हणजे तेव्हा मंद वारा होता. खांब आणि बुंधा मात्र लख्ख.

मावशीला मग झाडांची नावं हवी होती. फोटोच्या काळात त्या बागेत दोन नामांकित म्हातारी झाडं होती. एक बाल्ड सायप्रस, बार्ट्रमच्या हातचा, प्रचंड घेराचा. दुसरं घराजवळचं पेअर: इंग्लंडातल्या लेडी पीटरकडून आलेल्या बियांतलं, १७६३ मध्ये पहिल्यांदा फळलेलं आणि विसाव्या शतकापर्यंत तग धरलेलं. चित्रातला बुंधा यांपैकी एखादा असावा असं कोणालाही वाटेल. मावशी म्हणाली, “पान नाही, फळ नाही, सालीचा पोत दिसत नाही. अशा वेळी मी विद्यार्थ्यांना नाव लिहू द्यायचे नाही.” तेव्हा माहितीत ‘मोठा बुंधा’ एवढंच जाईल.

४ फेब्रुवारी

दोन्ही फोटो एकमेकांवर बसवून लाल-निळ्या चष्म्याची आवृत्ती केली. दोन भिंगांतलं अंतर साधारण माणसाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराएवढं, त्यामुळे मेंदू फसतो आणि खोली दिसते. ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८६१ मध्ये हातात धरायचा स्वस्त स्टिरिओस्कोप काढला आणि ही कार्डं घरोघर गेली.

नुसत्या फोटोत आयव्ही भिंतीला लपेटलेली वाटते. चष्मा लावला की कळतं, वरच्या खिडकीजवळच्या फांद्यांपैकी काही वेलीच्या नाहीतच. त्या पुढच्या एका झाडाच्या आहेत आणि भिंतीपासून चांगल्या सुट्या आहेत. मोठा बुंधाही घराला लागून नाही, बराच अलीकडे आहे. आणि गवताच्या मधोमध उताराची एक पट्टी स्पष्ट खाली जाते. सपाट फोटोत ती निव्वळ करडी होती. वाट असणार.

१० फेब्रुवारी

त्या पट्टीसाठी १७५८ च्या चित्राची डिजिटल प्रत काढून बसलो. जॉन बार्ट्रमचं घर आणि बाग नदीकडून कशी दिसते याचा हा आराखडा लंडनला पीटर कॉलिन्सन या व्यापाऱ्याकडे पाठवला होता. त्यात घर, भाज्यांचे वाफे, फुलांची बाग, आणि नदीकडे उतरत जाणाऱ्या लांब सरळ वाटा आहेत, दोहो बाजूंना झाडं लावलेल्या.

चित्रातलं घर मात्र फोटोतल्या घरासारखं नाही, आणि तसं असायचं कारणही नाही. खांबांची ही दर्शनी बाजू बार्ट्रमने पुढे उभारली. दगड इथलाच, चमचमत्या अभ्रकाचा शिस्ट. अशा दगडात नाजूक काम होत नाही, तो पापुद्र्यांनी सुटतो. तरी त्याने खांबांच्या माथ्यावर वळ्या काढल्या आणि खिडक्यांना महिरपी केल्या. युरोपातल्या वास्तुशिल्पाच्या मापाने त्या ओबडधोबड आहेत. मला त्या फार आवडतात: शेतकऱ्याच्या हाताने, पुस्तकांत पाहिलेलं, आपल्या रानातल्या दगडात उतरवलेलं.

वरच्या एका खिडकीशी त्याचा कोरलेला दगड आहे, १७७० चा. परमेश्वर एकच सर्वशक्तिमान आणि मी भजतो तो तोच, अशा अर्थाच्या ओळी, खाली स्वतःचं नाव. ख्रिस्ताचं देवत्व मानत नाही म्हणून डार्बीच्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीने त्याला १७५८ मध्ये बाहेर काढलं होतं. त्यानंतर बारा वर्षांनी त्याने आपली श्रद्धा घराच्या कपाळावर कोरली. १२०० डीपीआयच्या स्कॅनमध्ये त्या जागी पानांचा काळा डाग आहे, अक्षर दिसत नाही. तरीही माहितीत हा दगड येणारच.

११ फेब्रुवारी

माहितीचा पहिला खर्डा. जॉन बार्ट्रमवर फार लिहू नये असं ठरवलंय, त्याच्यावर खूप लिहिलं गेलंय. तरी किमान एवढं हवं:

शाळेचं शिक्षण थोडं, बाकी स्वतः शिकलेला. कॉलिन्सन हा लंडनचा कापडाचा व्यापारी आणि बागवेडा. त्याच्यामार्फत बार्ट्रम अमेरिकेतल्या झाडांच्या बियांच्या पेट्या इंग्लंडच्या सरदारांना पाठवी. एका पेटीत शंभराच्या आसपास जाती, किंमत पाच गिनी. इंग्लंडच्या बागांतली कितीतरी अमेरिकन झाडं या पेट्यांतून गेली. १७६५ मध्ये तिसऱ्या जॉर्जने त्याला वर्षाला ५० पौंडांवर राजाचा वनस्पतिशास्त्रज्ञ नेमलं. त्याच वर्षी मुलगा विल्यमसह दक्षिणेकडे फिरताना १ ऑक्टोबरला जॉर्जियात ऑल्टामाहा नदीकाठी त्यांना एक अनोळखी झाड दिसलं. पुढे विल्यम पुन्हा तिथे गेला, बी आणलं, इथे रुजवलं आणि बापाचा मित्र बेंजामिन फ्रँकलिन याच्या नावावरून त्याला फ्रँकलिनिया म्हटलं. १८०३ नंतर ते रानात कोणालाही दिसलेलं नाही. आज जगात जिथे जिथे फ्रँकलिनिया आहे, तो या बागेतल्या झाडांचा वंशज आहे.

हा परिच्छेद मी तीनदा कापून लहान केला. फ्रँकलिनियाचं मात्र काही काढवलं नाही.

१८ फेब्रुवारी

आज अ‍ॅन. ती कुठल्याच जुन्या कार्डावर नाही.

अ‍ॅन बार्ट्रम कार (१७७९–१८५८), जॉनची नात. काका विल्यमकडून झाडं ओळखायला आणि चित्रं काढायला शिकली. नवरा रॉबर्ट कार मुद्रणाच्या धंद्यातला. दोघांनी मिळून रोपवाटिका वाढवली: दहा काचघरं, देशी वनस्पतींच्या १,४०० वर जाती, हजाराच्या घरात परदेशी. १८२९ मध्ये फिलाडेल्फियाच्या फळाफुलांच्या प्रदर्शनात मेक्सिकोचं एक लाल झाड कार यांनी मांडलं. तेच पॉइन्सेटिया, आपल्याकडे नाताळच्या सुमारास नर्सऱ्यांत कुंड्यांच्या रांगा लागतात ते.

झाडांच्या गराड्यातलं हे घर पाहताना आपण आपोआप जॉनचं नाव घेतो. पण तो गेला १७७७ मध्ये आणि फोटो त्यानंतर सत्तरहून अधिक वर्षांनी घेतलेला. मधला जवळजवळ सारा काळ विल्यम, त्याचा भाऊ जॉन आणि मग अ‍ॅन यांनी इथे माती उकरली. शेवटी पैशाची ओढाताण झाली आणि १८५० मध्ये कार दांपत्याला जागा विकावी लागली. माहितीत तिचं नाव तिसऱ्या ओळीच्या आत येईल, हे नक्की केलं.

२५ फेब्रुवारी

विकत घेणारा अँड्र्यू ईस्टविक (१८११–१८७९). रेल्वे इंजिनं बांधणारा अभियंता. रशियाच्या झारसाठी सेंट पीटर्सबर्ग ते मॉस्को मार्गाची इंजिनं आणि डबे बांधून श्रीमंत होऊन परतला होता. त्याने जवळच आपला मोठा बंगला बांधला, तो १८९६ मध्ये जळाला. बार्ट्रमच्या घराला आणि झाडांना त्याने हात लावला नाही, झुडूपसुद्धा तोडू दिलं नाही.

हे किती मोठं होतं ते आजूबाजूला काय चाललं होतं ते पाहिल्यावर कळतं. खालच्या स्कूलकिलचे काठ झपाट्याने कारखान्यांनी भरत होते. पलीकडच्या काठावर पॉइंट ब्रीझला तेलाच्या टाक्या आणि शुद्धीकरण कारखाने आले. नदीकाठची सपाट जमीन, शहराला लागून. ती विकून टाकणं सर्वांत सोपं होतं.

फोटोतलं वाढलेलं गवत पाहून ‘पडकी बाग’ असं लिहायचा मोह होतो. मला ते पटत नाही. जॉर्ज वॉशिंग्टन १७८७ मध्ये इथे येऊन गेले आणि रोजनिशीत लिहून ठेवलं की कुतूहलाची झाडं-फुलं पुष्कळ आहेत, पण बाग मोठी नाही आणि मांडणीत फारशी रसिकताही नाही. म्हणजे भरभराटीच्या काळातही ती आखीवरेखीव नव्हती. ती काम करायची जागा होती, झाड आणून लावून जगतंय का ते पाहायची. ईस्टविकच्या काळात काम थांबलं, झाडं राहिली. फोटोत ते राहणंच दिसतंय.

३ मार्च

बागेत गेलो. झाडं अजून निष्पर्ण, त्यामुळे घर मोकळं दिसतं. जुन्या फोटोची जागा शोधायची होती.

पद्धत साधी आहे. जुन्या फोटोत जवळची आणि लांबची अशी दोन टोकं निवडायची. मी घेतली छपराची कड आणि तिच्यामागचं धुराडं. फोटोत धुराड्याची डावी बाजू छपराच्या कडेला नेमकी कुठे छेदते ते कागदावर मापून नेलं होतं. तिथे उभं राहून डावी-उजवीकडे सरकत तो छेद जुळवायचा. मग खिडकीची महिरप आणि खांब यांची जोडी घेऊन पुढे-मागे. दोन्ही जुळतात ती जागा एकच असते. ती उतारावर निघाली, घराकडे तोंड केल्यावर मधल्या रेषेच्या जरा डावीकडे.

सावल्यांचंही जमलं. घराची ही बाजू साधारण पूर्वेला, नदीकडे. तिच्यावर ऊन म्हणजे सकाळ. जुन्या फोटोत महिरपींच्या सावल्या उजवीकडे पडल्यात, म्हणजे सूर्य दक्षिणेकडे कलू लागलेला. भल्या पहाटेची वेळ नाही. तंबू लावून रसायनं मांडायला तेवढा वेळ लागतच असेल.

त्याच जागेवरून नवा फोटो घेतला, त्रिपादावर, शेजारी दुसरा साडेसहा सेंटिमीटर सरकवून. खाली काठावर खडकातच कोरलेली सफरचंद चिरडायची गोल चर आणि रस गाळायची जागा आहे, तीही पाहून घेतली. बार्ट्रमच्या काळातलं हे काम अजून शाबूत आहे. १७८५ च्या सुमारास आलेला गिंकोही अजून उभा आहे. तो जुन्या फोटोच्या चौकटीत येत नाही.

१६ मार्च

थॉमस मीहनवर (१८२६–१९०१) आज लिहून झालं. इंग्लंडमध्ये जन्मलेला, लंडनजवळच्या क्यूच्या वनस्पती बागेत शिकलेला, १८४८ मध्ये अमेरिकेत आलेला. तरुणपणी ईस्टविकचा माळी म्हणून इथे राबला आणि इथल्याच झाडांची मापं-वर्णनं घेऊन १८५३ मध्ये शोभेच्या झाडांचं पुस्तक काढलं. पुढे स्वतःची मोठी रोपवाटिका केली आणि शहराच्या परिषदेवर निवडून गेला. ईस्टविक १८७९ मध्ये वारल्यावर जागा हातची जाणार असं दिसू लागलं. तेव्हा मीहनने शहराने ती घ्यावी म्हणून आघाडी उघडली. बॉस्टनकडून आर्नल्ड अर्बोरेटम या वृक्षोद्यानाच्या चार्ल्स सार्जंट यांनीही जोर लावला. १८९१ मध्ये शहराने बाग घेतली आणि १८९३ मध्ये बार्ट्रमच्या वंशजांनी तिच्यासाठी संस्था स्थापली.

ज्या माळ्याने झाडांच्या बुंध्यांना टेप लावली, त्यानेच पुढे त्यांच्यासाठी मतं मिळवली. या सगळ्या कहाणीत मला सर्वांत जवळचा माणूस हाच वाटतो.

२४ ऑगस्ट

मधले महिने दुसऱ्या कार्डांत गेले. आज फक्त फ्रँकलिनियासाठी गेलो, कारण तो उन्हाळ्याच्या अखेरीला फुलतो. पांढरी पाच पाकळ्यांची फुलं, मध्ये पिवळ्या पुंकेसरांचा दाट झुबका. तिथूनच मावशीला कॉल लावला. कॅमेरा फुलाजवळ नेताच ती म्हणाली, “अगदी चहाचं फूल! कुळ तेच दिसतंय.” बरोबर, थिएसी कुळ, चहा आणि कॅमेलियाचं. मग तिने फळ दाखवायला लावलं. ते पिकायला वर्षभर घेतं, म्हणून झाडावर या वर्षीची फुलं आणि गेल्या वर्षीची फळं एकत्र दिसतात. तिने स्क्रीनवरून चित्र काढून घेतलं आणि पाच कोषांची लाकडी फळं मोजायला लावली.

फुलाचा एक फोटो पानावर जोडायचा ठरवलाय.

७ सप्टेंबर

माहिती पक्की केली. शीर्षक: ‘बार्ट्रम यांचं घर आणि बाग, किंगसेसिंग, फिलाडेल्फिया, नदीकडील बाजू’. काळ: ‘छायाचित्र १८५० नंतरचं, कार्ड १८७० च्या दशकातलं’. दोन काळ वेगळे लिहिलेत आणि का, ते खाली समजावलंय. नावांच्या ओळीत जॉन, विल्यम, अ‍ॅन, ईस्टविक, मीहन, याच क्रमाने, प्रत्येकापुढे बागेशी नातं: लावणारा, रुजवणारा, वाढवणारी, न तोडणारा, मिळवून देणारा.

मावशीने मसुदा वाचून दोन दुरुस्त्या सुचवल्या. फ्रँकलिनियाचं शास्त्रीय नाव देवनागरीत पूर्ण लिही, आणि ‘नामशेष’ म्हणू नकोस, ‘रानातून नाहीसा’ म्हण. दोन्ही केल्या. डावा फोटो, उजवा फोटो, चष्म्याची आवृत्ती, मार्चमधली नवी जोडी, पुठ्ठ्याची मागची बाजू आणि फ्रँकलिनिया, अशा सहा फाइली चढवल्या. पेन्सिलीतला ‘बार्ट्रम’ वाचता येईल एवढा मोठा ठेवलाय.